कानडेबाबू टपाल हलवतात

सेनगाव व पंचक्रोशीतील तमाम आजी-माजी विद्यार्थी, पालक, पाल्य, शिक्षणप्रेमी नागरिक आणि शाळेच्या भिंतीला रोज सकाळी टेकून बसणारे सज्जन यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, येत्या शनिवारी दुपारी ठीक बारा वाजता आपल्या शाळेचे समस्त टपाल जुनी जागा सोडून नव्या जागेत राहावयास जात आहे. शाळा जागची हलणार नाही. शाळेचे नाव, इमारत, मुख्याध्यापिका, घंटा व पाण्याची टाकी यांत तिळमात्र बदल नाही. कोणीही घाबरून जाऊ नये.

ही सूचना माझी नाही. भिंतीला टेकून बसणारे सज्जन तेवढे मी घुसडले, बाकी अक्षर न् अक्षर आमच्या शाळेचे मुख्य लिपिक माणिकराव कानडे यांचं. आम्ही सगळे त्यांना कानडेबाबू म्हणायचो. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांनी ती पाच कागदांवर हातानं लिहिली आणि शाळेचं फाटक, बस स्टँड, पंचायत समिती, पिठाची गिरणी आणि न्हाव्याचं दुकान अशा पाच ठिकाणी खळीनं चिकटवली. सहावी प्रत फायलीला. कानडेबाबूंची प्रत्येक गोष्ट फायलीला एक असायची. परवा शाळेचं टपाल पुन्हा एकदा हललं, त्या गडबडीत ही प्रत माझ्या हाती लागली. वाचून आधी हसलो. मग खुर्ची ओढून बसलो, आणि बराच वेळ उठलोच नाही.

तर ती सूचना लागल्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टी असूनही, वीस-पंचवीस पालक शाळेच्या पायऱ्यांवर जमले. ‘घाबरून जाऊ नये’ वाचून ते घाबरले होते. एक आजी तर नातवाचं दप्तर घेऊन आल्या होत्या. शाळा जातेच आहे तर पोराला आधी दुसरीकडं बसवावं, असा त्यांचा हिशेब. कानडेबाबू पायरीवर उभे राहिले. लिहिताना हा माणूस सरकारी मराठीत लिहायचा आणि बोलताना अस्सल सेनगावचा व्हायचा.

“हे बघा,” ते म्हणाले, “इंटरनेटवर शाळेचं नाव हाये, ते आपलं सवताचं. त्याला म्हणायचं डोमेन. दारावरची पाटी समजा. पण पाटी लावायला खोली लागती न्हं? ती भाड्याची. तिला म्हणायचं होस्टिंग. शाळेचे ई-मेल त्या खोलीत येऊन पडतात. आता खोलीवाला बराबर न्हाई, दर आठ दिवसाला कुलूप लावून बसतो. म्हणून आमी खोली बदलून राहिलो. पाटी तीच.”

“म्हंजे पोराचं नाव काटणार न्हाई?” आजींनी विचारलं.

“न्हाई काटणार.”

“मंग घाबरू नका असं काहून लिहिलं? मी सकाळपसून चहाबी घेतला न्हाई.”

कानडेबाबूंनी त्यांना समोरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. त्या दिवशी चहा, त्यांच्या आयुष्यात बहुधा एकदाच, वेळेबाहेर झाला.

कारण कानडेबाबूंच्या चहाला वेळ होती. अकरा दहा आणि चार दहा. त्या ठोक्याला ते उठत, डोळ्यांवरचा चष्मा काढत आणि उघड्या रजिस्टरवर उपडा ठेवून फाटकासमोरच्या टपरीवर जात. चष्मा रजिस्टरवर दिसला की समजायचं, बाबू चहाला गेलेत, सात मिनिटांनी येतील. “बिनचष्म्याचा चहा पिता काहून?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मास्तर, चहा दिसायला कशाला पाहिजे? अन् चष्मा हितं असला म्हंजे येणाऱ्याला वाटतं, माणूस हाये.” शिक्षण खात्याचे मोठमोठे साहेब त्या उपड्या चष्म्यासमोर सात-सात मिनिटं निमूट बसलेले मी पाहिलेत. आमचा शिपाई तुकाराम साहेबाला पाणी द्यायचा आणि एकच वाक्य बोलायचा, “चहाला गेलेत.”

या वाक्यानं सगळ्यात जास्त छळलं असेल तर मोरे मॅडमना. मोरे मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. बाई झपाट्याच्या, सगळं काल व्हायला पाहिजे होतं अशा चालीनं चालणाऱ्या. त्यांनी केबिनमधून “कानडे कुठंत?” विचारायचं आणि बाहेरून “चहाला गेलेत” यायचं, हे दिवसातून दोनदा. त्यात कानडेबाबूंचं आवक-जावक रजिस्टर. कागदी टपालाला आवक क्रमांक, जावक क्रमांक असतो हे ठीक. हे ई-मेललाही द्यायचे. मेल आला की छापायचा, त्यावर शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची आणि तीन दिवसांच्या आत उत्तर. “आपले पत्र पावले,” ही पहिली ओळ ठरलेली.

“कानडे, जगात ई-मेलचं रजिस्टर कोण ठेवतं?” मॅडम विचारायच्या.

“आमी,” कानडेबाबू म्हणायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता. सरकारी पत्रात वर ‘संदर्भ’ अशी ओळ असते. कुणाच्या कुठल्या पत्रावरून हे पत्र लिहितोय ते त्यात येतं. कानडेबाबू संदर्भाशिवाय पत्र लिहीत नसत. आपण होऊन कुणाला लिहायचं नाही. समोरच्यानं लिहिलं की मात्र उत्तर चुकवायचं नाही. “आपण आधी लिहिलं की लोकाला उत्तराची तकलीफ,” असं त्यांचं म्हणणं. मोबाईल त्यांनी शेवटपर्यंत घेतला नाही. तुम्हाला वाटेल, जुन्या वळणाचा माणूस. पण शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही मास्तर लोक त्याला हार घालून लांब उभे होतो, आणि कानडेबाबू त्याचं मागचं झाकण काढून आत बघत होते.

टपाल हलवायचं ठरलं तेव्हा नव्या कंपनीनं सांगितलं, जुन्या कंपनीकडून एक गुप्त आकडा आणा, तो दिल्याशिवाय शाळेचं नाव आमच्याकडे येणार नाही. आम्ही शिक्षक गोंधळलो. कानडेबाबू मात्र खूष. “बराबर हाये! दाखला मागतेत. दाखल्याबिगर दुसऱ्या शाळेत नाव घालता येतं का?” जुन्या कंपनीनं तीन मेलना उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी डबा बांधला आणि एसटीनं नांदेड गाठलं. तिथं एका दुकानाच्या माडीवर कंपनीच्या दोन खोल्या. मॅनेजर म्हणाला, “काका, ऑनलाइन रिक्वेस्ट टाका.” हे म्हणाले, “टाकली. तीनदा. जावक क्रमांक सांगू?” आणि डबा उघडून तिथंच जेवायला बसले. चार वाजेपर्यंत बसले. चार दहाला चष्मा मॅनेजरच्या टेबलावर ठेवून चहाला गेले आणि परत आले. मॅनेजरनं हात जोडले आणि आकडा दिला.

तो आकडा त्यांनी साध्या कागदावर घेतला नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा छापील फॉर्म सोबत नेला होता, त्यावर घेतला. विद्यार्थ्याचे नाव : शाळेचे डोमेन. शाळा सोडण्याचे कारण : वारंवार आजारी पडणे. वागणूक : चांगली. खाली मॅनेजरची सही. हा दाखला आजही आमच्या फायलीत आहे. खोटं वाटत असेल त्यांनी येऊन पाहावा. मात्र अकरा दहा ते अकरा सतरा सोडून यावं.

आता मूळ गोष्टीकडे येतो, कारण हे सगळं हसू मी ज्या गोष्टीभोवती रचत बसलोय ती हसण्याची नाही.

त्याच्याही सहा वर्षं आधी, जून महिन्यात, सुभद्रा नावाची मुलगी दहावीचा दाखला घ्यायला बापाबरोबर ऑफिसात आली. बाप लिंबाजी, मेंढपाळ. दीडशे मेंढरं घेऊन हे लोक वर्षातले आठ महिने रानोरान फिरणारे. मेंढरं शाळेबाहेरच्या सडकेवर उभी होती आणि लिंबाजीचा एक कान तिकडं होता. ही पोरगी आजीजवळ राहून शिकली. आजी गेली, आता तीही कळपाबरोबर निघाली होती. कानडेबाबू फॉर्म भरत होते. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं.

“कायमचा?” लिंबाजी म्हणाला. “सायब, कायमचे आमी कुठं हाव? आज हितं, परवा मेंढरं जातील तिथं.”

“काहीतरी सांगा. रकाना मोकळा ठेवता येत न्हाई.”

“मंग मेंढराचाच टाका पत्ता.”

लिंबाजी हसला. मी हसलो. पोरगी हसली नाही. कानडेबाबूंनी पेन खाली ठेवलं. मी तिथं खडूचं खोकं न्यायला आलो होतो, म्हणून हे सगळं पाहिलं. ते कॉम्प्युटरकडे वळले, पाच मिनिटं काहीतरी केलं आणि एका चिठ्ठीवर लिहून पोरीला दिलं. तिचं नाव, मग तो शेपूट गुंडाळून बसलेला ए, आणि पुढं शाळेचं नाव.

“हा तुझा कायमचा पत्ता,” ते म्हणाले. “तू कुठंबी जा, हा हितंच ऱ्हाईल. ह्याच्यावरनं मला पत्र लिही. तू लिहिलं की मी उत्तर देईनच.”

मग त्यांनी तिला तिथंच शिकवायला घेतलं. आमच्याकडं तेव्हा दुपारी लाइट जायची, त्यामुळं कॉम्प्युटर शिकवताना कानडेबाबूंचा पहिला धडा एकच होता : दोन ओळी लिहिल्या की सेव्ह. “सेव्ह केलं की आपलं. बाकी समदं लाइटीचं.” सुभद्रेनं वर त्यांचा पत्ता घातला, खाली ‘सर नमस्कार’ लिहिलं, सेव्ह केलं. पडद्यावर सेव्ह झाल्याची ओळ आली. पोरगी त्या ओळीकडे अशी बघत राहिली जणू एखादी वस्तू तिच्या हातातून सुटून भुर्र उडून गेली. आणि लाइट गेली.

बाहेर लिंबाजीनं शीळ घातली. मेंढरं सडकेवरून सोयाबीनच्या रानात शिरायला बघत होती.

“जा,” कानडेबाबू म्हणाले. “बाकीचं सोपं हाये. तुला जमंल.”

त्या वर्षापासून दहावी पास झालेल्या प्रत्येक पोरापोरीला दाखल्याबरोबर पत्त्याची चिठ्ठी मिळू लागली. बहुतेकांनी ती हरवली. काहींनी पत्रं लिहिली. नोकरी लागली, लग्न ठरलं, दाखल्याची दुसरी प्रत पाहिजे. सगळ्यांना तीन दिवसांत उत्तर गेलं. सुभद्रेचं काही आलं नाही. कानडेबाबू दर शनिवारी दुपारी आलेल्या मेलची यादी वरून खाली आणि खालून वर बोट लावून वाचत. मी विचारलं की, “काही न्हाई, बघून राहिलो,” एवढंच म्हणत. तुम्हीच लिहा ना एकदा, असंही मी म्हणालो. तर म्हणाले, “कोणत्या संदर्भानं लिहू?”

हे सहा वर्षं चाललं. आणि मग टपाल हललं.

त्या शनिवारी बारा वाजता नव्या कंपनीच्या माणसानं फोनवरून काम सुरू केलं. शहरातला चटपटीत आवाज. जुन्या खोलीतली सगळी पत्रं नव्या खोलीत तो उतरवून घेणार होता. संध्याकाळी म्हणाला, “झालं काका, सगळं आलं.” कानडेबाबू म्हणाले, “ताळा झाल्याबिगर आलं म्हणू नये.” आणि त्यांनी कोऱ्या रजिस्टरात रकाने आखले. नाव, जुन्या खोलीत किती, नव्या खोलीत किती, फरक. तीनशेच्या वर पत्ते. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी चारच्या सुमारास मी ऑफिसात डोकावलो तर ते रजिस्टरावर बोट ठेवून बसले होते. सुभद्रा. जुन्या खोलीत एक्केचाळीस. नव्या खोलीत शून्य.

फोन स्पीकरवर लावला.

“काका, ते ड्राफ्ट आहेत,” चटपटीत आवाज म्हणाला. “लिहून ठेवलेले, न पाठवलेले. नुसते सेव्ह केलेत. ते कुणी नेत नाही.”

“कोणाला लिहिलेत?”

तिकडून बटनं दाबल्याचा आवाज आला.

“सगळे तुमच्याच नावावर आहेत काका. शेवटचा दोन वर्षांपूर्वीचा. वाचून दाखवू?”

“खबरदार!” कानडेबाबू इतक्या जोरात ओरडले की केबिनमधून मोरे मॅडम बाहेर आल्या. “दुसऱ्याचं पत्र हाये ते. हात लावायचा न्हाई. जसंच्या तसं नव्या खोलीत आण. एकबी कमी झालं तर तुला नांदेडच्यावानी डबा घेऊन येऊन बसंन.”

एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आले. फरकाच्या रकान्यात शून्य पडलं. पण कानडेबाबू तिथून उठेनात. चार दहा झाले, साडेचार झाले, चष्मा डोळ्यांवरच. मी म्हणालो, “बाबू, तुमच्या नावाची आहेत ना? मग उघडा आणि वाचा.”

“आवक झालेली न्हाईत,” ते म्हणाले. “जावक झालेली न्हाईत. माझी कशी?” मग रजिस्टर मिटून म्हणाले, “मास्तर, मीच तिला अर्धं शिकवलं. सेव्ह केलं की झालं, असं सांगितलं. ती चार वर्षं लिहून राहिली, अन् तिला वाटलं, कानडे सर उत्तर देत न्हाई.”

एकतीस मेला ते निवृत्त होणार होते. आमच्या पिढीच्या निम्म्या लोकांची जन्मतारीख गुरुजींनी एक जून लावलेली, त्यातले हे एक. हातात अकरा दिवस होते. उत्तर न दिलेली एक्केचाळीस पत्रं मागं ठेवून हा माणूस घरी जाऊ शकत नव्हता. आणि पत्र लिहिणारी पोरगी मेंढरांच्या मागं कुठंतरी होती.

मोटरसायकल माझी होती, म्हणून या प्रकरणात माझी वर्णी लागली. हिंगोलीच्या बाजारात कळलं की लिंबाजीचा वाडगा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुरुंद्याकडं हळदीच्या रानात बसलाय. लागवडीआधी शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. भर उन्हात आम्ही निघालो. मागच्या सीटवर कानडेबाबू, पिशवीत रजिस्टर. रजिस्टर कशाला, हे मी विचारलं नाही. वारंगा फाट्यावर त्यांनी पंक्चरवाल्याला, पेरूवालीला आणि एका झोपलेल्या ट्रक ड्रायव्हरला उठवून विचारलं, “मेंढरं पाहिली का? एक लिंबाजी?” ड्रायव्हर हिंदीत म्हणाला, “चाचा, भेड़ का नाम थोड़ी लिखा रहता है.” पेरूवालीनं मात्र रस्ता सांगितला.

कुरुंद्याच्या अलीकडं नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात जाळी लावलेली होती आणि जाळीत मेंढरं माना एकमेकींच्या पोटाखाली घालून उभी होती. बाभळीच्या सावलीत सुभद्रा बसली होती. आता बाई झालेली. मांडीवर एक लेकरू, शेजारी एक. तिनं कानडेबाबूंना पाहिलं आणि उठून डोक्यावर पदर घेतला. लेकराला म्हणाली, “पाया पड, सर हायेत.” आणि मग सरळ उभी राहून म्हणाली,

“सर, तुमी एकाबी पत्राचं उत्तर दिलं न्हाई.”

हा माणूस साहेबांपुढं बोलायचा, मॅडमपुढं बोलायचा. इथं तो पिशवीतलं रजिस्टर चाचपत राहिला. मीच सगळं सांगितलं. ड्राफ्ट म्हणजे काय, सेव्ह म्हणजे काय. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झेरॉक्सच्या दुकानात बसून लिहायची मी. गाव आलं की आधी झेरॉक्सचं दुकान हुडकायची. दुकानवाला म्हणायचा, कोणाला लिहिती येवढं? मी म्हणायची, आमच्या बाबूला.” लेकराला कडेवर घेत म्हणाली, “मंग लिहायचं बंद केलं. म्हटलं सरला कामं असतेत.”

कानडेबाबूंनी खाली बसून तिच्या थोरल्या लेकराची चप्पल उगाचच नीट केली.

तिच्याकडं आता मोबाईल होता. पत्र्याच्या पेटीतून तिनं दाखल्याबरोबर प्लास्टिकात गुंडाळलेली चिठ्ठी काढली. अक्षर कानडेबाबूंचं. पत्ता उघडला. एक्केचाळीस पत्रं ओळीनं होती.

“आता शिकवतो उरलेलं,” कानडेबाबू म्हणाले. “हे बटन. पाठवा.”

तिनं एकेक पत्र पाठवलं. प्रत्येक वेळी कानडेबाबू मान हलवायचे. एक्केचाळीस वेळा.

“सर, हितंच वाचा की. न्हाईतर मी तोंडी सांगते, काय लिहिलंय ते.”

“नको,” ते म्हणाले. “टपालात निघालंय, टपालातच वाचीन. तीन दिवसांत उत्तर येईल.”

परतीच्या वाटेवर ते वारंगा फाट्यावर उतरून त्या पेरूवालीचे आभार मानून आले.

तीन दिवस पुरले नाहीत. एक्केचाळीस पत्रांना एकत्र एक उत्तर द्यावं असं मी सुचवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खडू आणायला निघून गेलो. प्रत्येकाला वेगळा आवक क्रमांक, वेगळा संदर्भ, वेगळं उत्तर. मला त्यांनी एकच दाखवलं. तिनं पाच वर्षांपूर्वी लिहिलं होतं : “सर, आज मेंढीनं माझी चप्पल खाल्ली.” उत्तर होतं : “आपले पत्र पावले. विलंबाबद्दल दिलगीर आहे. चप्पल चामड्याची असल्यास मेंढीस अपाय संभवतो. मेंढी आता कशी आहे, कळवावे.”

एकतीस मेला निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, माइक, संस्थेचे अध्यक्ष, सगळं जागेवर, उत्सवमूर्ती गायब. मोरे मॅडम हार हातात घेऊन म्हणाल्या, “कानडे कुठंत?” तुकाराम सवयीनं म्हणाला, “चहाला गेलेत.” कानडेबाबू ऑफिसात अडतिसावं उत्तर लिहीत होते. मॅडम ऑफिसच्या दारापर्यंत गेल्या. आता स्फोट होणार, असं आम्ही धरूनच चाललो. त्यांनी आत पाहिलं, दार हळूच लोटून घेतलं, परत आल्या आणि अध्यक्षांना म्हणाल्या, “साहेब, तुम्ही जरा लांबवून बोला.” अध्यक्षांना हे आयुष्यात प्रथमच कुणी सांगितलं होतं. ते पाऊण तास बोलले.

निवृत्तीनंतर कानडेबाबूंचा पत्ता चालू राहिला. तशी टिपणी त्यांनीच फायलीत लावून ठेवली होती. मोबाईल नाही, त्यामुळं दर शनिवारी ते गावाहून जीपनं येत, तुकारामच्या स्टुलावर बसून आपलं टपाल बघत. सुभद्रेचं महिन्याला एखादं तरी असायचंच. लेकराला दात आला, मेंढी व्याली, थोरली शाळेत घातली. उत्तर लिहून होईपर्यंत चार दहा व्हायचे. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेही एका शनिवारीच. खिडकीजवळ बसले होते, अंगावर शर्ट ढगळ झालेला. उठताना चष्मा काढला, ठेवायला रजिस्टर शोधलं. ते आता तिथं नव्हतं, नवीन बाबू ठेवत नाहीत. जरा वेळ चष्मा हातात धरून उभे राहिले. मग तो स्टुलावर उपडा ठेवला आणि फाटकाकडं निघाले. पाठीमागून चाल तीच, घाई नसलेली. सात मिनिटांनी यायचे होते ते. पण माझा जादा तास सुरू झाला आणि मी वर्गात गेलो.

त्याला दीड वर्ष झालं. ते गेल्याचं मी सुभद्रेला फोनवर सांगितलं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मग म्हणाली, “मी लिहीत जाईन, सर. आता तर पाठवताबी येतं.”

परवा शाळेचं टपाल तिसऱ्या खोलीत गेलं. ही कंपनी मोठी, काटेकोर. पत्ते मोजून देणारी. मोरे मॅडमच्या केबिनमध्ये फोन स्पीकरवर होता, मी होतो, तुकाराम होता. पलीकडचा माणूस बंद पत्त्यांची यादी वाचत होता आणि मॅडम झपाझप “काढा, काढा, काढा” म्हणत होत्या. पोरांचे पत्ते त्यांनी ठेवायला लावले, हे इथं नमूद करतो. मग नाव आलं, माणिकराव कानडे.

“मॅडम, हा पत्ता दीड वर्षात कुणी उघडलेला नाही. न वाचलेले मेल आहेत चोवीस. जवळजवळ सगळे एकाच पत्त्यावरून. कुणी वापरत नसेल तर हा काढतो.”

तुकारामनं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलाकडं. आणि मोरे मॅडम, ज्यांनी उभ्या नोकरीत त्या वाक्याचा राग राग केला, त्या खुर्चीतून अर्धवट उठून फोनवर ओरडल्या,

“अहो, काढताय काय! चहाला गेलेत ते!”